कालवांचं पाणी

मी एका फ्रेंच म्हातारीवर जळते. साठी उलटल्यावर खोटं कशाला बोलू? तिला मी प्रत्यक्ष कधी भेटलेले नाही, तिची भाषा मला कळत नाही आणि तिनं माझं काही वाकडं केलेलं नाही. तरी रविवारी दुपारी साडेचारच्या सुमाराला फोनच्या काचेत तिचं ते लालबुंद, सुरकुतलेलं तोंड दिसलं की माझ्या पोटात दुखायला लागतं. त्यांच्याकडे तेव्हा जेवायची वेळ असते. टेबलावर पांढरा कपडा, मधे पावाची लांब लादी, आणि म्हातारीच्या शेजारच्या खुर्चीवर आमची पोर.

आमची म्हणजे कुणाची, ते आधी सांगते. आमचं घर नवी मुंबईतल्या करावे गावात. खाली आम्ही दोघं नवराबायको, वर धाकटा दीर आणि जाऊ. आम्हाला मूल नाही. झालं, सांगून टाकलं, आता पुन्हा त्यावर बोलणार नाही. जावेला एकच मुलगी. ती सहा महिन्यांची झाली तेव्हा जावेची रजा संपली आणि तिला महाप्याच्या ऑफिसात परत जावं लागलं. सकाळी साडेसातला ती पोर माझ्या कडेवर द्यायची आणि संध्याकाळी सातला न्यायला यायची. बऱ्याचदा पोर झोपलेली असायची. मग मीच म्हणायचे, "ऱ्हाऊ दे गो, झोपमोड कशाला करतेस?" जाऊ दारात जरा वेळ उभी राहायची आणि रिकाम्या हातानं जिना चढून जायची. पोर बोलायला लागली तेव्हा जावेला मम्मी म्हणाली आणि मला मोठी आई. 'आई' हा शब्द माझ्या वाट्याला आला याचा मला किती आनंद झाला होता, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

जाऊ ठाण्याची, नोकरीवाल्या घरातली. चांगली आहे बिचारी, पण चिखल म्हटला की साडी वर धरणार. मी खाडीकाठच्या घरात जन्मले आणि खाडीकाठीच दिले गेले. सासू आणि मी ओहोटीला खडकांवर जायचो. हातात लाकडी मुठीचा लोखंडी टोचा, कमरेला कापडाची पिशवी. कालव खडकाला असं घट्ट धरून बसतं की नवशिक्याची बोटं सोलून निघतात. मधे जिथे दोन शिंपा मिळतात तिथे टोचा बरोबर टेकवायचा, एक फटका, आणि वरची शिंप उचलून कालव त्याच्या पाण्यासकट भांड्यात. पोर चार वर्षांची झाली तशी आमच्याबरोबर यायला लागली. काठावर उलट्या पाटीवर बसायची आणि मी काढलेलं पहिलं कालव तिथंच कच्चं गिळायची. सहाव्या वर्षी तिनं स्वतःच्या हातानं पहिलं कालव उघडलं. बोट कापलं, रक्त आलं, पण रडली नाही. सासू म्हणाली, "ही तुझी खरी." सासूनं माझं कौतुक केल्याचं मला एवढं एकच आठवतं.

पोर सात वर्षांची झाली, तेव्हाची एक गोष्ट गावात अजून निघते. वाढदिवसाला जावेनं मुद्दाम रजा काढली. माझ्याकडे येऊन म्हणाली, "ताई, आज मी तिच्यासाठी कालवांचा रस्सा करते. मला सांगा ना कसा करायचा." मी सांगितलं. कालवंही मीच दिली, एक वाडगा भरून. वर तासभर भांड्यांचा आवाज चालला होता. मग पोर ताटली हातात धरून जिना उतरून खाली आली. "मोठी आई, मम्मीच्या कालवांना चवच नाय." मी इतकी हसले की खोकला लागला. माझ्याकडे सकाळचा रस्सा होताच, भात कालवून भरवला. जावेनं त्यानंतर कालवांना कधी हात लावला नाही. हळदीकुंकवाला बायका मला ही गोष्ट खास सांगायला लावायच्या आणि मीही, जाऊ समोर बसलेली असली तरी, सगळी नक्कल करून सांगायचे. जाऊ पण हसायची.

तर ही पोर शिकली. माशांचंच शिकली. पुढे कालवांवरच काहीतरी संशोधन करून मोठी पदवी घेतली आणि दोन वर्षांच्या करारावर फ्रान्सला गेली. दोन वर्षं म्हणजे काय, आली आली म्हणेपर्यंत येईल, असं मी म्हणायचे. मार्चमध्ये तिचा करार संपणार होता. मागच्या खोलीतला तिचा पलंग मी तसाच ठेवला होता. दर पंधरा दिवसांनी चादर बदलायचे. नवरा म्हणायचा, "झोपतंय कोन त्यावर, धुतेस कशाला?" मी उशीचा अभ्रा पण ओढून काढायचे.

आता त्या गावाचं सांगते, कारण म्हातारीच्या आधी मी त्या गावावरच जळायला लागले होते. पोरीनं पहिल्याच आठवड्यात फोन हातात धरून आम्हाला सगळं गाव फिरवून दाखवलं. गाव केवढंसं, आमच्या गावठाणाएवढंच असेल. एका बाजूला समुद्र, मधे वाळूची लांब पट्टी, आणि पट्टीच्या अलीकडे खाऱ्या पाण्याचं हे मोठं तळं. भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. पाणी असं की तळाचं गवत दिसतं. काठावर पिवळी-गुलाबी घरं, खिडक्यांना निळ्या झडपा, घरासमोर सपाट बुडाच्या होड्या, आणि होड्यांत जाळी. खरी जाळी, ओली, त्याच दिवशी वापरलेली. हॉटेलात शोभेला टांगतात तसली नाहीत.

कालवं तिथे खडकावर नसतातच. पाण्यात खांब रोवून मांडव घातलेत आणि मांडवाला दोऱ्या सोडल्यात. बारकी कालवं घेऊन, सिमेंटचा ठिपका लावून, एकेक करून दोरीला चिकटवतात. सिमेंट! मी म्हटलं, "काय गो, कालवं हायत का बिल्डिंग बांधतायत?" पोर खूप हसली. पण माझ्या मनात आलं, आमच्याकडेही सिमेंट खाडीपर्यंत आलंच की, त्याला एक कालव चिकटलेलं दिसलं नाही. आमच्या खाडीतलं मी आता काही खात नाही. पाण्याला वास येतो. उरणकडून एक बाई टोपली घेऊन येते, तिच्याकडून घेते.

नवऱ्याला दुसरीच गोष्ट लागली. पोर म्हणाली, तिथले जुने मच्छीमार वर्षातून एकदा एका खोलीत जमतात आणि तळ्यात कुणी कुठे जाळं लावायचं त्याच्या चिठ्ठ्या काढतात. निघेल ती जागा त्या वर्षापुरती त्याची, भांडण नाही. नवरा ऐकत होता. त्याच्या बापाची जाळं लावायची जागा ठरलेली होती, सगळ्या गावाला माहीत होती. तिथं आता गाळ भरलाय आणि पलीकडे भिंत आहे. तो एवढंच म्हणाला, "अजून चिठ्ठ्या काढतात? म्हंजे अजून जागा हाय." आणि उठून बाहेर गेला.

एवढ्यानं भागलं नाही. फ्लेमिंगोसुद्धा आहेत मेल्यांच्याकडे! आमच्या सीवूड्सच्या पाणथळीत येतात तेवढी एक मिरवायची गोष्ट आमच्याकडे राहिली होती, तर पोरीनं फोन फिरवला आणि तिथेही गुलाबी पक्ष्यांचा थवा उभा. मी टीव्ही लावला.

मग म्हातारी आली. पोर तिच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते. म्हातारी ऐंशीची, नवरा गेलेला, आयुष्यभर कालवांच्या मांडवावर राबलेली. आधी पोरीच्या बोलण्यात ती 'मालकीणबाई' होती, मग 'आजी' झाली. मग रविवारचं जेवण तिच्याकडे सुरू झालं. थंडीत पोरीला ताप आला तर म्हातारीनं सूप करून पाजलं. स्वेटर विणून दिला, विटकरी रंगाचा, पोरीला अजिबात न शोभणारा. आणि एका रविवारी म्हातारी काचेत कालवं उघडताना दिसली. आखूड सुरी, एक झटका, शिंप बाजूला. पोर कौतुकानं बघत होती आणि मला म्हणाली, "मोठी आई, हात बघ तिचा! अगदी तुझ्यासारखी आहे ती."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्यासारखी म्हणजे काय? मी मेले का? मी इथे जिवंत बसलेय, टोचा मोरीमागच्या फळीवर आहे, आणि माझ्यासारखी तिथे सापडली?

दिवाळीनंतर जाऊ आणि दीर पंधरा दिवस जाऊन आले. मला पण बोलावलं होतं, पण माझ्या गुडघ्यानं नाही म्हटलं. जाऊ परत आली ती त्या म्हातारीचे गोडवे गात. किती प्रेमळ, किती जीव लावते, निघताना रडली सुद्धा. मी विचारलं, "तुला काही वाटलं नाय गो? दुसरीच बाई तुझ्या पोरीला भरवते, तू बघत बसलीस?" जाऊ पिशवीतून साबणाच्या वड्या काढत होती. तशीच खाली मान घालून म्हणाली, "मला सवय आहे, ताई." मी म्हटलं, नोकरीवाल्या बायका अशाच, कोरड्या.

जानेवारीत पोरीचा वाढदिवस. आठवडाभर आधी, दुपारी दोन वाजता, माझ्या फोनवर एक निरोप आला. नंबर जावेनं दिला असणार. आधी म्हातारीचा आवाज, घोगरा, फ्रेंच. खाली मशीननं केलेलं मराठी. "नमस्कार महोदया. मी आपल्या मुलीची घरमालकीण आहे. तिच्या वाढदिवसानिमित्त मी तिला आपल्या घरची कालवे शिजवून देऊ इच्छिते. ती त्यांची फार आठवण काढते. कृपया मला कृती सांगा. तिला कळवू नये."

आपल्या मुलीची, असं लिहिलं होतं. पोरीनंच तसं सांगितलं असणार. एखादीचं मन तिथेच विरघळलं असतं. माझं नाही विरघळलं. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. त्या घरात नसलेली एकच वस्तू माझ्याकडे शिल्लक आहे, तो रस्सा. माझा मसाला जावेनं दिवाळीनंतर गेली तेव्हा नेऊन दिलाच होता. आता म्हातारीच्या हातून तो रस्सा उतरला तर पोर इकडे कशाला येईल? मार्च समोर होता. पलंगावर धुतलेली चादर होती.

मी फोन तोंडाशी धरला आणि मशीनला कळावं म्हणून शाळेत धडा वाचतात तशी शुद्ध बोलले. लसूण ठेचा, सांगितलं. कांदा बारीक, सांगितलं. मसाला किती, हळद किती, कोकम नसेल तर लिंबू, सगळं बरोबर सांगितलं. आणि शेवटी म्हटलं, "कालवं उघडल्यावर आतलं पाणी फेकून द्यावं. मग नळाखाली तीनदा धुवावी."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कालवाची सगळी चव त्या पाण्यात. ते पाणी फडक्यातून गाळून घ्यायचं, शिंपेची कच काढायची, आणि शेवटी रश्शात घालायचं. मग मीठ सुद्धा वेगळं लागत नाही. ते पाणी फेकून कालव धुतलं की उरतं ते नुसतं चघळायला.

निरोप गेला. दोन निळ्या खुणा आल्या. मला वाईट वाटलं असेल असं तुम्हाला वाटेल. अजिबात नाही. आठवडाभर मला जेवण गोड लागलं.

वाढदिवसाच्या दिवशी फोन आला तेव्हा जाऊ खालीच होती, माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली. नवरा मागे उभा. काचेत तोच पांढरा कपडा, मधे मोठं भांडं, आणि भांड्यात रस्सा. लालसर, वर तेलाचा तवंग. मी रंग बघितला आणि मला कळलं. असा रंग नुसत्या मसाल्याला येत नाही.

पोर तोंडात घास असतानाच बोलत होती. "मोठी आई! अगदी तुझ्या हातचा! मी रडलेच, खरंच सांगते. आणि गंमत ऐक, हिला ॲपनं काय सांगितलं माहितेय? आतलं पाणी फेकून दे आणि नळाखाली तीनदा धू!" ती खो खो हसायला लागली. "नशीब, हिनं ऐकलं नाही. ही म्हणते, साठ वर्षं कालवं उघडली, या कामातली कुठलीच बाई ते पाणी फेकायला सांगणार नाही. म्हणजे मशीनच चुकलं असणार."

म्हातारी हसत नव्हती. ती काचेतून सरळ माझ्याकडे बघत होती. मग तिनं एक बोट उचललं आणि डोळ्याखालची कातडी हळूच खाली ओढली. एवढंच. त्याला मशीन लागलं नाही. आणि मग ती हसली, अगदी मनापासून, जुनी मैत्रीण चोरी पकडल्यावर हसते तशी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आणि अजून एक सांगायचंय," पोर म्हणाली. "मला इथे कायम करतायत. मी हो म्हटलं. काल सही केली."

नवरा म्हणाला, "शाब्बास." जाऊ म्हणाली, "छान झालं गं, बाळा." मी पण काहीतरी म्हटलं. फोन बंद झाला. नवरा बाहेर ओट्यावर गेला. मी चादरीचा विचार करत होते. जाऊ उठली नाही.

"ताई," ती म्हणाली, "पाणी फेकायचं नसतं?"

मी फोनची काच पदरानं पुसायला लागले.

"मला तुम्ही फेकायला सांगितलं होतं. ती सात वर्षांची झाली तेव्हा. नळाखाली तीनदा धू, म्हणाला होतात." तिनं आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला भांडता आलं असतं, भांडणात मी कुणाला हार जात नाही. "मला वाटलं, माझ्या हातालाच चव नाही. इतकी वर्षं मला तसंच वाटत होतं."

खुर्ची जागेवर लावून ती जिना चढून गेली. तशीच, पूर्वी जायची तशी, रिकाम्या हातानं.

मी विसरले होते असं म्हणाले तर ते खोटं होईल. मला आठवत होतं. हळदीकुंकवाला नक्कल करताना आठवत होतं, म्हातारीला निरोप पाठवताना तर शब्द सुद्धा तेच होते. पोर त्या दिवशी वर जेवली असती, मम्मीच्या हातचं आवडीनं खाल्लं असतं, तर संध्याकाळी खाली आली नसती. बस, एवढीच भीती. फ्रेंच बाईनं माझं काही घेतलं नव्हतं, पोरीला परकं वाटू दिलं नव्हतं, इतकंच. मी मात्र ज्या बाईचं घेतलं ती रोज सकाळी साडेसातला स्वतःच्या हातानं मला आणून देत होती. आणि मी तिला कोरडी म्हणत होते.

चार दिवस आमचं बोलणं नव्हतं. पाण्याची टाकी भरली का, एवढं सुद्धा नाही. पाचव्या दिवशी उरणची बाई आली. मी कालवं शिंपेसकट घेतली, दुप्पट घेतली. फळीवरचा टोचा काढला, पाटीत सगळं भरलं आणि जिना चढले. गुडघा दर पायरीला बोंबलत होता. जावेनं दार उघडलं. ती आता रिटायर आहे, दुपारी घरीच असते. पाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि बाजूला झाली.

मी स्वयंपाकघरात खाली बसले. "बस," म्हटलं, "उघडायला पण शिक." तिनं साडी वर धरली नाही, सरळ बसली. दोनदा टोचा सटकला, तिसऱ्यांदा बोटाला लागलं. मी हळद लावायला उठणार तर म्हणाली, "राहू दे." तिनं स्वतःच फडकं घेतलं, स्वतःच पाणी गाळलं, कच बघितली, पुन्हा गाळलं. लसूण, कांदा, मसाला. मी तोंड उघडलं नाही, आणि माझ्या बाबतीत ही सोपी गोष्ट नाही. शेवटी तिनं पाण्याची वाटी हातात घेतली. "आता?"

"आता," मी म्हटलं.

उकळी आली. तिनं गॅस बंद केला, पळीतून तळहातावर थेंब घेतला आणि चाखला. मग आणखी एक घेतला. मी तिच्या पाठीकडे बघत होते.

"ताई, तेव्हा पण असाच झाला असता ना?"

"असाच झाला असता," मी म्हटलं.